थांबायला शिकवणारा रविवार : प्रथमोपचार आणि प्रसंगावधान वर्गाचे परीक्षण

नाशिकमधील एका लहान संस्थेचा ‘प्रथमोपचार आणि प्रसंगावधान’ हा एक दिवसाचा वर्ग मी गेल्या महिन्यात एका रविवारी केला. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ, एका शाळेचे सभागृह, ७०० रुपये शुल्क, त्यात दुपारचे साधे जेवण आणि दोन वेळचा चहा, शिकणारे चोवीस आणि शिकवणारे दोघे, अशी त्याची मांडणी होती. संस्थेचे नाव मी येथे देत नाही. वर्गातील काही गोष्टींविषयी माझी तक्रार आहे आणि ती मी संस्थेला लेखी कळवली आहे. शिवाय असे वर्ग आता बऱ्याच शहरांत होत असल्यामुळे हे परीक्षण एका संस्थेची शिफारस म्हणून न वाचता, अशा वर्गात काय मिळते आणि काय मिळायला हवे, हे ठरवण्यासाठी वाचले जावे, अशी माझी इच्छा आहे.

मी या वर्गाला का गेले, हे सांगितल्याशिवाय माझे मत नीट कळणार नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही रात्री पुण्याहून परत येत होतो. सिन्नरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक दुचाकी आडवी पडलेली दिसली. तिच्या शेजारी एक माणूस पालथा पडला होता आणि चार-पाच जण नुसते उभे होते. यजमानांनी गाडीचा वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, “माणसं आहेत तिथे. मुलगी झोपली आहे मागे. चला.” आम्ही निघालो. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे कळण्याचा आता काही मार्ग नाही. त्या क्षणापर्यंत मी स्वतःला कनवाळू समजत होते आणि खरे सांगायचे तर अजूनही समजते. कोणाचे दुःख ऐकले की माझ्या डोळ्यांत पाणी येते. परंतु त्या रात्री माझ्या कनवाळूपणाचा त्या माणसाला कणभरही उपयोग झाला नाही. माझ्यात नेमके काय कमी पडले, हा प्रश्न घेऊन मी या वर्गात जाऊन बसले होते.

शिकवणाऱ्यांपैकी एक सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका होत्या, त्यांना सगळे ‘सिस्टर’ म्हणत होते. दुसरा तरुण रुग्णवाहिकेवर काही वर्षे काम केलेला होता. शिकायला आलेल्यांत दोन रिक्षाचालक, एका गृहसंकुलाचे तीन सुरक्षारक्षक, महाविद्यालयातील सात-आठ मुले-मुली, एक किराणा दुकानदार आणि नातवाला सांभाळणाऱ्या सत्तरीच्या एक आजी होत्या. वर्गाची सुरुवात त्या तरुणाने एका प्रश्नाने केली. “रस्त्यावर कोणी पडलेलं दिसलं तर तुम्ही का थांबत नाही? खरं सांगा, इथे कोणी तुम्हाला नावं ठेवणार नाही.” आधी कोणी बोलेना. मग एका रिक्षाचालकाने ‘पोलीस’ हा एक शब्द उच्चारला आणि त्यानंतर फळा भरायला पाच मिनिटेही लागली नाहीत. कोर्टाच्या तारखा, रुग्णालय आपल्याकडेच पैसे मागेल ही धास्ती, जमाव आपल्यालाच मारील, आपल्या हातून काहीतरी चुकेल, उशीर झालेला असतो, रक्त पाहवत नाही, अशी उत्तरे आली. त्या फळ्याकडे पाहताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्यात ‘मला त्या माणसाविषयी काही वाटत नाही’ असे एकही उत्तर नव्हते. वाटत सगळ्यांनाच होते, पण त्यावरची भीती प्रत्येकाची वेगळी होती, आणि त्यांतील बहुतेक भीतींना उत्तर आहे, हे पुढच्या तासाभरात उलगडत गेले.

पहिली भीती कायद्याची. ती घालवण्यासाठी दिलेला वेळ मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण चोवीसपैकी जेमतेम तिघांना हे आधी माहीत होते. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक ठरवले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले. सद्भावनेने, स्वतःहून आणि कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्या माणसावर, मदत करताना जखमीला काही इजा झाली किंवा त्याचा मृत्यू झाला तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे हे कलम सांगते. २०२० मध्ये त्याचे नियम आले. त्यांनुसार मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, जखमीला रुग्णालयात पोहोचवल्यावर तो निघून जाऊ शकतो, आणि प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयाने या हक्कांची सनद प्रवेशद्वारापाशी हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावायची आहे. दुसऱ्याच दिवशी मी आमच्या भागातील दोन रुग्णालयांत जाऊन ही सनद शोधली. एकात ती होती, दुसऱ्यात स्वागतकक्षातील मुलीला मी काय विचारते आहे हेच कळले नाही. जखमीला तातडीचे उपचार देणे हे पोलिसी सोपस्कारांच्या आधी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले होते. तरीही ‘आधी पोलिसांना कळवा’ हे वाक्य माझ्या पिढीच्या मनात किती घट्ट बसले आहे, हे माझे मलाच त्या दिवशी दिसले. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात नेणाऱ्यासाठी ‘राहवीर’ योजनेत २५,००० रुपयांचे बक्षीस आहे, हेही सांगण्यात आले. त्यावर मुलांमध्ये बरीच चर्चा झाली. मला स्वतःला ती रक्कम निर्णायक वाटत नाही. सिन्नरच्या रस्त्यावर मला कोणी पैसे देऊ केले असते तरी मी थांबले नसते, पण ‘तुला कोणी पोलीस ठाण्यात बसवून ठेवणार नाही’ एवढी खात्री असती तर कदाचित थांबले असते.

त्यानंतर सिस्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचे होते, आणि वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत, खोकत पडलेला असे. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि ‘उशीर झाला आहे, लवकर जा’ असे सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. त्यांतील काही जण तर बायबलमधील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरच, म्हणजे वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्याला उचलून नेणाऱ्या माणसाच्या कथेवर, बोलायला निघाले होते. कोणत्या विषयावर बोलायचे आहे, याने थांबण्यात विशेष फरक पडला नाही. लहानपणापासून आपण संतांचे अभंग म्हणतो, ‘जे का रंजले गांजले’ सगळ्यांना पाठ असते, आणि तरीही आपण पुढे निघून जातो, याचा उलगडा मला त्या आकड्यांत झाला. चांगले विचार ऐकलेला माणूस आणि थांबलेला माणूस यांच्यामध्ये घड्याळासारखी क्षुल्लक वस्तू येऊ शकते. हे कळल्यावर मी स्वतःला दोष देणे थोडे कमी केले आणि स्वतःवर लक्ष ठेवणे थोडे वाढवले.

अकरानंतरचा वेळ हातांचा होता. जमिनीवर चार रबरी पुतळे ठेवले होते आणि प्रत्येकाने आळीपाळीने छातीवर दाब देण्याचा सराव करायचा होता. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताची टाच ठेवून, कोपरे न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाबायचे असते. दोन दाबांमध्ये छातीला पूर्ण वर येऊ द्यायचे असते. ज्याला कृत्रिम श्वास देण्याचे शिक्षण मिळाले आहे त्याने ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत, इतरांनी नुसते दाबत राहिले तरी चालते. हे सगळे मी चलचित्रांत कितीतरी वेळा पाहिले होते. प्रत्यक्षात पाच सेंटीमीटर म्हणजे किती जोर, हे अंगाला कळल्याशिवाय कळत नाही. पुतळ्याची छाती पुरेशी खाली गेली की आतून ‘टक्’ असा आवाज येत असे. माझ्या पहिल्या वीस दाबांत तो एकदाही आला नाही. सिस्टर माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, त्याला लागेल म्हणून तुम्ही घाबरताय. त्याचं हृदय थांबलंय. याहून जास्त त्याला काही लागणार नाही.” दोन मिनिटांनी मी घामाघूम झाले होते, खांदे भरून आले होते, आणि ‘टक्’ ऐकू येत होते. उपचाराशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला अशा माणसाच्या जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्याच हातांत असतात, हे गणित त्या घामानंतर मला वेगळे सांगावे लागले नाही. सत्तरीच्या आजींनी गुडघे टेकता येत नाहीत म्हणून वेळ मोजण्याचे आणि मोठ्याने आकडे म्हणण्याचे काम घेतले आणि ते इतक्या खणखणीत आवाजात केले की दाब देणाऱ्यांची लय सुधारली. जखम बांधणे, हाडाला फळीचा आधार देणे, भाजलेल्या भागावर पाणी सोडणे हे भाग नेहमीच्या पद्धतीने झाले, त्यांत विशेष सांगण्यासारखे काही नाही.

विशेष होता तो गर्दीवरचा भाग. न्यूयॉर्कमध्ये १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवर बोलायला लावले होते. बोलता बोलता एका आवाजाला फिट येते आणि तो मदत मागू लागतो. ते ऐकणारा आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के आवाज थांबण्याआधीच मदतीसाठी बाहेर आले. आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी फक्त ३१ टक्के. ‘माणसं आहेत तिथे’ हे माझे वाक्य मला त्या क्षणी पुन्हा ऐकू आले. माणसे होती म्हणूनच तिथे कोणी काही करत नव्हते. यावरचा उपाय वर्गात करून घेतला गेला. ‘कोणीतरी फोन करा’ असे म्हणायचे नाही. एकाकडे बोट दाखवायचे, त्याच्या कपड्यांवरून त्याला हाक मारायची आणि एकच काम सांगायचे. “निळा शर्ट, दादा, तुम्ही. १०८ ला फोन लावा आणि लागला की मला येऊन सांगा.” “काकू, तुम्ही. मागून येणाऱ्या गाड्यांना हात करा.” अनोळखी माणसाला हुकूम देताना माझा आवाज पहिल्यांदा इतका बारीक निघाला की सुरक्षारक्षकाने ‘काय?’ असे विचारले. चौथ्या वेळी तो नीट निघाला. पस्तीस वर्षे नोकरी करूनही इतक्या ठामपणे कोणाला काही सांगण्याची वेळ माझ्यावर क्वचितच आली होती, आणि हीदेखील सरावाने येणारी गोष्ट आहे, हे मला या वर्गाने दाखवले.

जेवणापूर्वीचा अर्धा तास आपल्याकडच्या सवयींसाठी होता. अपघात झाला की पहिली हाक ‘पाणी आणा’ अशी येते. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून पाजायचे नाही. मानेला मार लागल्याची शंका असेल तर जागेवर धोका नसताना उचलून रिक्षात कोंबायचे नाही. फिट आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही, दातांत चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करायच्या, डोक्याखाली काही मऊ ठेवायचे, घड्याळ पाहायचे, झटके थांबले की कुशीवर वळवायचे आणि पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर रुग्णवाहिका बोलवायची. हे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली. तिला स्वतःला अपस्मार होता. ती म्हणाली, “मला बसस्टँडवर शुद्ध आली तेव्हा तोंडाला चपलेचा वास होता आणि भोवती वीस-पंचवीस लोक होते. वाईट त्या झटक्यांचं नाही वाटलं. उठल्यावर सगळे माझ्याकडे कसे बघत होते, त्याचं वाटलं. एक बाई तेवढ्या माझी ओढणी सारखी करत होत्या.” सभागृहात कोणी काही बोलले नाही. सिस्टरांनी तिला पुढे बोलावले आणि फिट येऊन गेल्यावर माणसाला काय हवे असते, हे तिलाच सांगायला लावले. गर्दी हटवणे, तो कुठे आहे आणि काय झाले हे शांतपणे सांगणे, कपडे सावरणे आणि पूर्ण भानावर येईपर्यंत एकाने जवळ बसणे, एवढेच तिने सांगितले. शिकवणाऱ्याने आपला फळा एका शिकायला आलेल्या मुलीच्या हाती देणे, ही या वर्गातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

याच ओघात ‘दारू प्यायला असेल’ या आपल्या तयार निकालावर चर्चा झाली. रक्तातील साखर खूप उतरलेला मधुमेही अडखळत बोलतो, घामाघूम होतो, चिडतो, झोकांड्या खातो, आणि येणारे-जाणारे त्याला मद्यपी समजून बाजूने निघून जातात. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखरेचे पाणी किंवा ग्लुकोज त्याला सावरू शकते. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. आणि समजा तो खरोखरच प्यायलेला असेल, तरी त्याची जीभ मागे पडून किंवा उलटी अडकून श्वास कोंडायचा थांबत नाही. दारू प्यायलेल्या माणसालाही कुशीवर वळवावेच लागते. या ठिकाणी त्या तरुणाने डॉ. भरत वाटवानी यांच्याविषयी सांगितले. मुंबईत रस्त्यावर एक अस्ताव्यस्त तरुण नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी पिताना त्यांना आणि त्यांच्या पत्नीला दिसला. त्यांनी त्याला आपल्या रुग्णालयात नेले. उपचारांनंतर तो पदवीधर असल्याचे आणि छिन्नमनस्कतेने, म्हणजे स्किझोफ्रेनिया या मानसिक विकाराने, आजारी असल्याचे कळले. त्यातून १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली, कर्जतचे केंद्र झाले, हजारो माणसे आपल्या घरी परतली आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मनाचा मोकळेपणा म्हणजे सगळ्यांच्या मतांचा आदर करणे, अशी माझी आजवरची पुस्तकी समजूत होती. समोरच्या माणसाविषयीचा पहिला निकाल दोन मिनिटे बाजूला ठेवून त्याच्या श्वासाकडे पाहणे, हा त्याचा फार साधा आणि फार कठीण अर्थ मला त्या दिवशी मिळाला.

दुपारच्या सत्रात रस्त्यावर किंवा बसमध्ये कोणाला त्रास दिला जात असेल तर काय करावे, याचे प्रसंग करून दाखवायचे होते. थेट भांडायला जाणे हा अनेकांपैकी एक मार्ग आहे, आणि तो प्रत्येक वेळी शहाणपणाचा असतोच असे नाही. त्रास सोसणाऱ्या मुलीशेजारी जाऊन ‘अगं, तू इकडे कुठे? आई कशी आहे?’ असे ओळखीचे बोलणे सुरू करणे, वाहकाला सांगणे, ११२ ला फोन करणे, आणि प्रसंग टळून गेल्यावरही त्या मुलीला ‘तुला काही हवं आहे का, मी सोबत येऊ का’ असे विचारणे, हेही मदत करणेच आहे. आमच्यापैकी किराणा दुकानदाराने ‘ओळख दाखवण्याचा’ प्रसंग इतका सहज केला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला येथे बाबा आमट्यांची आठवण झाली. रेल्वेत एका नवविवाहितेची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या आड ते आले, मार खाल्ला, पण हटले नाहीत, आणि त्यावरून गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले. तेच बाबा वरोऱ्यात पावसात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून घाबरून पळाले होते. नंतर ते परत आले, त्यांनी तुळशीरामवर आडोसा उभारला, त्याची सेवा केली आणि पुढे कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगावरचा अभ्यासक्रम रीतसर शिकले. एका प्रसंगी निर्भय असलेला माणूस दुसऱ्या प्रसंगी भितो. ती भीती त्यांनी परत फिरून आणि शिकून घालवली. या सत्राला वर्गाने जेमतेम पाऊण तास दिला, ही माझी पहिली तक्रार आहे. चोवीसपैकी नऊ जणांनाच प्रसंग करायला मिळाला. त्याउलट शेवटी प्रमाणपत्रे वाटण्यात आणि प्रत्येकाचे छायाचित्र काढण्यात चाळीस मिनिटे गेली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. चारही पुतळे पुरुषी छातीचे होते. सराव चालू असताना मी विचारले, “सिस्टर, ही बाई असती तर?” उत्तर आले, “जीव वाचवताना बाई-पुरुष बघायचं नाही,” आणि वर्ग पुढे सरकला. हे उत्तर खरे आहे, पण त्याने कोणाचाही संकोच गेला नाही. जेवताना महाविद्यालयातील एक मुलगा मला म्हणाला, “काकू, मी बसस्टँडवर अनोळखी बाईच्या छातीवर हात ठेवला तर लोक मला तुडवतील. तिच्या घरच्यांना मी काय सांगू?” त्याची भीती खोटी नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एका अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना जवळच्या लोकांकडून छातीदाब मिळाला होता. आपल्याकडे तर तो मुलगा हात पुढे करण्याआधी दहादा विचार करील आणि तेवढ्यात वेळ निघून जाईल. म्हणून हे सविस्तर शिकवायला हवे होते. हात दोन स्तनांच्या मध्ये उरोस्थीवर ठेवायचा असतो, नुसता दाब देण्यासाठी कपडे काढावे लागत नाहीत, आपण काय करत आहोत ते मोठ्याने सांगत राहायचे, जवळच्या एखाद्या बाईला शेजारी बसवून घ्यायचे आणि दुसऱ्या दोघींना ओढणी किंवा चादर धरून आडोसा करायला सांगायचे, हे पाच मिनिटांत सांगून, दहा मिनिटांत करून घेता आले असते. ज्या वर्गाने दुसऱ्या सगळ्या भीतींना इतक्या आस्थेने उत्तरे दिली, त्याने हीच एक भीती टाळावी, याचे मला वाईट वाटले.

तिसरी तक्रार पुस्तिकेची. शिकवणे उत्तम मराठीत झाले, परंतु हातात दिलेली बत्तीस पानी पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत होती. दोघा रिक्षाचालकांनी ती घडी करून खिशात ठेवली. ज्यांच्या गाडीत जखमी माणूस येण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्यांच्या उपयोगी न पडणारी पुस्तिका छापण्यात काय अर्थ आहे? चार पानांचे मराठी पत्रक, आसनामागे चिकटवता येईल असे, याहून कितीतरी अधिक कामी येईल. मदत करूनही माणूस वाचला नाही तर मदत करणाऱ्याच्या मनाचे काय होते, याविषयीही एक शब्द निघाला नाही. रुग्णवाहिकेवर काम केलेल्या त्या तरुणाकडे त्याचे उत्तर नक्की असणार. चहाच्या वेळी मी त्याला विचारले तेव्हा तो बराच वेळ थांबून म्हणाला, “घरी जाऊन आईला सगळं सांगतो. न सांगता झोपलो की झोप लागत नाही.” हे त्याने सगळ्यांसमोर सांगायला हवे होते.

एवढ्या तक्रारींनंतरही ७०० रुपये आणि एक रविवार यांच्या बदल्यात मला जे मिळाले ते पुष्कळ आहे, आणि वाहन चालवणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या किंवा घरात वडीलधारे असलेल्या प्रत्येकाने असा वर्ग करावा, असे मी निःसंकोच सांगेन. आपल्या गावात वर्ग निवडताना प्रत्येकाला पुतळ्यावर किमान दोन-तीन वेळा सराव मिळतो का, कायद्याची माहिती देतात का आणि प्रसंग करून घेतात का, एवढे आधी विचारून घ्यावे. नुसती चलचित्रे दाखवून प्रमाणपत्र देणारा वर्ग असेल तर पैसे वाचवावेत. फक्त पाहून मला काहीच आले नव्हते, हे त्या ‘टक्’ आवाजाने सिद्ध केले आहे. हृदयविकार किंवा कंबरदुखी असलेल्यांनी आजींप्रमाणे वेळ मोजण्याचे काम मागून घ्यावे.

पुढच्या वर्गासाठी मी यजमान आणि मुलगी या दोघांची नावे दिली आहेत. गाडी चालवणारे ते आहेत आणि त्या रात्री मागच्या आसनावर झोपलेली ती आहे. माझ्या पत्राला सिस्टरांचे उत्तर आले. मराठी पत्रकाचा मजकूर त्या लिहायला घेत आहेत, आणि स्त्रीच्या छातीचा पुतळा लगेच विकत घेणे संस्थेला परवडणारे नाही, असे त्यांनी कळवले. तोपर्यंत आहे त्याच पुतळ्याला ब्लाऊज घालून, साडी नेसवून सराव घेता येईल का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी होकार दिला आहे. साडी मी घेऊन जाणार आहे.